अकरावी-बारावीच्या मुलांना गाडी द्यावी का? पुण्यातले चार पर्याय

दहावीनंतर कॉलेज एका टोकाला आणि क्लास दुसऱ्या टोकाला मिळाला, की घरात गाडीचा विषय निघतोच. अठरा पूर्ण होईपर्यंत पालकांसमोर चार वाटा असतात: घरातली अ‍ॅक्टिव्हा, सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स, बिनलायसन्सची इलेक्ट्रिक स्कूटर, नाहीतर बस-मेट्रो.

घरातली अ‍ॅक्टिव्हा

सगळ्यात सोयीची आणि सगळ्यात महागात पडणारी. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही, म्हणजे पहिल्या नोकरीतही बसनंच जायचं. ‘आम्हाला न विचारता नेली’ हा बचाव कायद्यात आहे, पण तो सिद्ध तुम्हीच करायचा. किल्ली रोज दारामागच्या खिळ्याला लटकत असेल, तर कठीणच. शिवाय अपघात झाला, तर विमा कंपनी समोरच्याला दिलेली भरपाई गाडीमालकाकडून वसूल करू शकते. मे २०२४ मधल्या कल्याणीनगरच्या अपघातात गाडी अल्पवयीन मुलाच्या हातात होती; त्यानंतर हे पुण्यात कुणाला नव्यानं सांगायला नको, तरी कॉलेजांबाहेरचं पार्किंग पाहा.

सोळाव्या वर्षीचं लायसन्स

इथे बहुतेकांची गफलत होते. पालकांची लेखी संमती असेल तर सोळा पूर्ण झाल्यावर लायसन्स निघतं, पण ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. एकेकाळी त्यात लुना बसायची. आज शोरूममधल्या बहुतेक पेट्रोल स्कूटर ११०-१२५ सीसीच्या, हलकी म्हणून घेतली जाणारी टीव्हीएस एक्सएलसुद्धा शंभराच्या आसपास. त्या लायसन्सवर मुलानं अ‍ॅक्टिव्हा चालवली, तर कायद्याच्या दृष्टीनं ती बिनलायसन्सचीच. कलम १९९अ मधली सूट ज्या गाडीचं लायसन्स आहे तेवढ्यापुरतीच मिळते. थोडक्यात, लायसन्स मिळतं, त्यावर चालवायला गाडी मिळत नाही.

बिनलायसन्सची ई-स्कूटर

मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर ती मोटार वाहनात मोजलीच जात नाही. लायसन्स, नोंदणी, विमा काहीच लागत नाही. मात्र घेताना विक्रेत्याकडे एआरएआयसारख्या, वाहनं तपासणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र मागा आणि मोटरवरचा वॅटचा आकडा स्वतः वाचा. ‘एक वायर काढली की पंचेचाळीस जाते’ असं दुकानदार हळूच म्हणाला, तर तिथूनच परत फिरा. वायर काढली की तीच गाडी बिननोंदणीची, बिनविम्याची मोटारसायकल होते आणि गोष्ट पुन्हा पहिल्या पर्यायावर येते.

कायद्यात बसली तरी रस्त्यावर कशी चालते? कोथरूडच्या गल्ल्यांत, सहकारनगरात छान. चांदणी चौकाच्या किंवा कात्रजच्या चढावर मागे मित्र बसला की दम टाकते. सिंहगड रोडवर सगळे पंचेचाळीसनं जात असताना पंचवीसनं जाणाऱ्याला मागून धडक बसायची भीती जास्त. घर ते क्लास दोन-तीन किलोमीटर आणि मधे मोठा रस्ता नसेल, तरच घ्यावी. हेल्मेट आयएसआय मार्कचंच, आणि हनुवटीखालचा पट्टा लावून. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना आधी उडतं.

बस-मेट्रो

वनाज-रामवाडी किंवा पिंपरी-स्वारगेट मार्गाला घर आणि कॉलेज दोन्ही लागून असतील, तर बाकी विचार करायची गरजच नाही. दोन्ही मार्ग सिव्हिल कोर्टला मिळतात. बसचा प्रश्न वेळेचा आहे. सकाळच्या कॉलेजला ती चालते, रात्री साडेनवाला क्लास सुटल्यावर थांब्यावर ताटकळावं लागतं. तेवढ्या फेरीपुरती शेअर रिक्षा किंवा पालकांची पाळी लावलेली बरी.

आमचा कौल बस-मेट्रोला, आणि अंतर अगदी कमी असेल तर खऱ्या २५ च्या ई-स्कूटरला. अठरा पूर्ण होताच परिवहन खात्याच्या ‘सारथी’ पोर्टलवर लर्निंगचा अर्ज करा. त्याची परीक्षा पास व्हायला साठ टक्के उत्तरं बरोबर लागतात. तीस दिवसांनंतर आणि सहा महिन्यांच्या आत पक्क्या लायसन्सची चाचणी द्यायची. तिथे मुलं आठच्या आकड्यात पाय टेकवून नापास होतात, कारण वळणावर पुढचा ब्रेक दाबतात. मागचा हलका धरून, नजर चाकाऐवजी पुढच्या वळणावर ठेवून आधी रिकाम्या मैदानात सराव करा. चाचणीला नेलेल्या गाडीचा विमा आणि पीयूसी चालू आहे ना, तेही आदल्या दिवशीच बघून ठेवा.