१९९ रुपयांची 'द वूमन इन व्हाइट' आणि गायब फर्मा

दिवाळीच्या सवलतीत घेतलेली प्रत आहे, काही महिने वापरून झाली, म्हणून लिहितोय. विल्की कॉलिन्सची कादंबरी बहुतेकांना ऐकून माहीत असते, त्यामुळे कथानक सांगत बसत नाही. रहस्य मात्र फोडणार आहे. वाचली नसेल तर इथेच थांबा.

आधी तक्रार. पान ४८० नंतर पुन्हा ४६५ ते ४८०, आणि मग थेट ४९७. म्हणजे एक फर्मा (एकत्र छापून दुमडलेला सोळा पानांचा गठ्ठा) दोनदा आणि पुढचा गायब. बरं, गायब कुठे, तर नायक वॉल्टर हार्टराइट ओल्ड वेलमिंगहॅम गावच्या चर्चमध्ये लग्नांची नोंदवही बघायला येतो नेमका तिथे. चारशे ऐंशी पानं ज्या गुपितासाठी तंगवत ठेवलं, ते गुपितच छापखान्यात राहिलं.

ऑनलाइन विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं, बदलून देण्याची मुदत संपली. एवढं जाडजूड पुस्तक आठवड्याभरात पानन् पान तपासायचं, अशी अपेक्षा दिसते. भांडल्यावर म्हणाले, गहाळ पानांचे फोटो पाठवा. नसलेल्या पानांचे! मी ४८० आणि ४९७ एकाच फोटोत पाठवली. त्यावर, 'सर, पानं तर दिसत आहेत.' यापुढे बोलणं खुंटलं. मुखपृष्ठावरच्या बाईंचा झगा जांभळा आहे, त्याबद्दल मी काही बोललोच नाही.

कॉपीराइट कधीच संपल्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्गवर संहिता फुकट मिळते. ती सोळा पानं मोबाइलवर वाचली (१९९ रुपये कशाचे दिले, हा प्रश्न घरातून विचारून झाला आहे). आणि खरं सांगतो, वाचताना राग थोडा उतरला. नायिका लॉराचा खलनायक नवरा सर पर्सिव्हल ग्लाइड, त्याच्या आईबापांचं लग्नच झालेलं नव्हतं. अनौरस मुलाला ना किताब मिळणार ना इस्टेट. म्हणून त्याने नोंदवहीत पानाच्या तळाशी उरलेल्या चिंचोळ्या जागेत त्यांच्या लग्नाची खोटी नोंद कोंबली. पण त्या वहीची नक्कल नोल्सबरीच्या वकिलाकडे सुरक्षित असते, आणि तिथे तळाशी ती जागा कोरी. ना भूत, ना तळघर. घराण्याचं सगळं वैभव एका कोऱ्या जागेवर कोसळतं. गॉथिक म्हणजे वाडा आणि वादळ, असं समजणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा.

सुरुवातीला माझं मत याहून बरंच वाईट होतं. लिमरिज हाउसमधलं वॉल्टर-लॉराचं प्रेमप्रकरण इतकं रेंगाळतं की पुस्तक महिनाभर उशाशी नुसतं पडून होतं. मग रोज थोडं थोडं वाचायला लागलो आणि गाडी रुळावर आली. मुळात हे डिकन्सच्या 'ऑल द इयर राउंड' साप्ताहिकात नोव्हेंबर १८५९ ते ऑगस्ट १८६० मध्ये ४० हप्त्यांत आलेलं. प्रत्येक हप्ता वाचकाला पुढच्या आठवड्यापर्यंत टांगून ठेवण्यासाठी लिहिलेला. एका बैठकीत संपवायला घ्याल तर दमाल. वकील गिल्मोरचा भाग रुक्ष आहे, पण गाळू नका. लॉरा निपुत्रिक वारली तर तिचे वीस हजार पौंड नवऱ्याला, हे कलम तिथेच आहे, आणि पुढचं सगळं पाप त्यातूनच निघतं.

आता जी गोष्ट डोक्यातून जात नाही ती. लॉरासारख्या दिसणाऱ्या ॲनचा मृत्यू लॉराचा म्हणून दाखवायचा आणि पैसे लाटायचे, हा सगळा कट एका तारखेवर उभा आहे. लंडनमध्ये लॉराच्या नावाने ॲन मेली, त्यानंतर खरी लॉरा नवऱ्याच्या ब्लॅकवॉटर पार्क वाड्यातून निघाली, एवढं सिद्ध झालं की कट उघडा. आणि नेमकं त्याच तारखांचं गणित कॉलिन्सने चुकवलं होतं! १८६० मध्ये 'टाइम्स'च्या समीक्षकाने पंधरवड्याचा घोळ दाखवून दिला, मग नंतरच्या आवृत्तीत दुरुस्ती झाली. साक्षीपुराव्यांची फाइल म्हणून रचलेल्या कादंबरीत हे! मी दुरुस्त तारखासुद्धा पेन्सिलने समासात मांडून पाहिल्या.

पर्सिव्हलचा कटातला साथीदार काउंट फॉस्को पूर्ण पैसे वसूल. पांढरे उंदीर अंगाखांद्यावर खेळवणारा हा लठ्ठ माणूस लॉराची सावत्र बहीण मॅरियन हिची डायरी चोरून वाचतो आणि तिच्यातच खाली कौतुकाचा शेरा लिहितो, तेव्हा अंगावर काटा येतो. पण त्यानंतर मॅरियनला स्वतःचं निवेदनच मिळत नाही. पुढे तिचं म्हणणं वॉल्टर आपल्या शब्दांत सांगतो, आणि वॉल्टर मिळमिळीत आहे. पुस्तकातलं सगळ्यात तल्लख डोकं असं गप्प करून बहिणीच्या संसारात बसवलं, याबद्दल एक तारा कापला. दुसरा बांधणीसाठी. चिकटवलेला कणा पान ३०० च्या आसपासच सुटला होता.

घ्यायचीच असेल तर शिवलेल्या बांधणीची जुनी प्रत फोर्टच्या पदपथावर शोधा, आणि पैसे देण्याआधी दर सोळा पानांनी आकडे बघून घ्या. विक्रेता वैतागेल, वैतागू दे.