जगभरातील स्त्री-पुरुष भूमिका : एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

स्त्री-पुरुषांच्या भूमिका संस्कृतीगणिक कशा बदलतात, हे उलगडणाऱ्या या ऑनलाइन अभ्यासक्रमाचे खरे बळ त्यातील उदाहरणांच्या निवडीत आहे. इंडोनेशियाच्या पश्चिम सुमात्रातील मिनांगकाबाउ समाजावरील धडा तर आवर्जून ऐकावा असा आहे. तेथे कुळाची जमीन आणि घर आईकडून मुलीकडे जाते, तरीही कुळाच्या कारभारात मामाच्या शब्दाला वजन असते. त्यामुळे मालमत्ता स्त्रियांकडे असली की सत्ताही आपोआप त्यांच्याच हाती येते, हा सोपा समज टिकत नाही. हा समाज इस्लामचे पालन करणारा आहे, याकडेही शिक्षिका नेमके लक्ष वेधतात.

मध्य आफ्रिकेतील आका समाजात वडील तान्ह्या बाळांना तासन्‌तास अंगाखांद्यावर वागवतात आणि जाळी लावून होणाऱ्या शिकारीत स्त्रियाही उतरतात. हा भाग रंगतो. सहारा वाळवंटातील तुआरेग समाजातल्या, चेहरा झाकणाऱ्या पुरुषांचा भाग मात्र घाईघाईने उरकला आहे.

स्वीडनने १९७४ मध्ये पालकत्वाची रजा वडिलांनाही खुली केली, पण तिचा मोठा वाटा आयाच घेत राहिल्या, म्हणून १९९५ मध्ये प्रत्येक पालकासाठी एक महिना राखून ठेवावा लागला. कायदा आणि सवय यांतील हे अंतर फार छान मांडले आहे.

प्रश्नसंच मात्र अगदीच बाळबोध आहेत. ‘कोणत्या समाजात स्त्रियांचे राज्य आहे?’ असा प्रश्न विचारून ‘मिनांगकाबाउ’ हेच उत्तर बरोबर धरले जाते, तेव्हा प्रश्न काढणाऱ्याने तो धडा ऐकला होता की नाही, अशी शंका येते.