डोक्याला मार लागल्यानंतर गूगल कॅलेंडर: फुकट, कामाचं, पण लावण्याची पद्धत हवी

डोक्याला मार लागलेला माणूस घरी येतो, चालतो-बोलतो, पण सांगितल्याशिवाय अंघोळीलाही उठत नाही. घरचे म्हणतात आळशी झाला. खरं तर कपाळामागच्या मेंदूला इजा झाली की काम ठरवणं, सुरू करणं, मध्येच तपासणं हेच बिघडतं. नागपुरातल्या धंतोलीच्या दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर अनेक जण पैसे भरून 'ब्रेन गेम' घेतात. त्यात माणूस खेळात तरबेज होतो, गॅसवरचं दूध मात्र उतूच जातं. त्यापेक्षा कॅलेंडर बरं. 2001 साली ब्रिटनमध्ये 143 जणांवर पेजरचा, म्हणजे नुसता छोटा संदेश दाखवणाऱ्या खिशातल्या यंत्राचा, प्रयोग झाला होता. वेळेवर आलेल्या साध्या संदेशाने बहुतेकांची रोजची कामं सुधारली.

नोंद कशी लिहिता यावर सगळं आहे. 'औषधं' एवढंच लिहिलं तर उपयोग शून्य. '5:00 चिठ्ठी आणि पैसे पिशवीत टाका', '5:15 सीताबर्डीच्या मेट्रोसाठी निघा', असं एका नोंदीत एकच पाऊल. सुरुवातीला दिवसाला तीन-चारच. जास्त वाजलं की सगळ्याकडेच दुर्लक्ष होतं. मे महिन्यात दुपारी बाहेरचं काम टाकूच नका, थकव्याने आधी काम ठरवण्याची, सुरू करण्याची क्षमताच ढासळते.

मोठा दोष: सूचना एकदा वाजते, बोटाने सरकवली की गेली. म्हणून गोळ्या आणि गॅससाठी घड्याळाच्या ॲपमधला नाव दिलेला अलार्म लावा, आणि नियम करा: काम हातात घेतल्याशिवाय तो बंद करायचा नाही. काही फोनमध्ये बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमुळे सूचना उशिरा येतात, ते आधी तपासा. कॅलेंडर शेअर केलं तर पुण्यातली मुलगीही नोंद टाकू शकते. काम झालं का, हे मात्र फोन करूनच विचारावं लागतं.

औषधांचं दुकान बंद निघालं तर? इथे कॅलेंडर हात टेकतं. त्यासाठी 'थांबा, काय करायचं होतं?' हा प्रश्न आधी घरी घोटून घ्यावा लागतो, मग दिवसातून कधीही नुसतं 'थांबा' असा मेसेज पाठवायचा. सराव न करता पाठवलात तर माणूस फक्त वैतागतो.

आपल्याला काही झालंय हेच ज्यांना पटत नाही, त्यांना आधी अंदाज करू द्या: पोहे करायला किती वेळ, किती चुका? मग पोहे करून दोन्ही आकडे शेजारी लिहा. वाचता न येणाऱ्यांना किंवा वाचा जाऊन लिहिलेलंही समजेनासं झालेल्यांना हे ॲप जमणार नाही. त्यांच्यासाठी भिंतीवर चित्रांचा तक्ता लावा.

पाचपैकी साडेतीन.