नॉक्टुआचे दोन पंखे घ्या, पण आधी काच काढा

मी घरी बसून गोष्टी वाचते आणि रेकॉर्ड करते. पुण्यात एरंडवण्यातल्या जुन्या इमारतीतली मधली खोली, भिंतींवर गोधड्या, टेबलावर माइक आणि टेबलाखाली कॉम्प्युटरचं कॅबिनेट. रात्री अकरानंतर गल्ली झोपली की मी सुरू करायचे आणि नेमका तेव्हाच कॅबिनेटला कंठ फुटायचा. त्यातही सलग घरघर नाही. पंखा दर काही सेकंदांनी घोंघावत वर चढायचा, मग खाली यायचा. सलग आवाज परवडतो. सॉफ्टवेअर त्याचा नमुना घेऊन तो बऱ्यापैकी पुसतं. चढउतार पुसायला गेलं की माझाच आवाज पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येतो. ऑडिबलवर ऑडिओबुकं चढवायची सोय म्हणजे एसीएक्स, त्यांची अट अशी, की वाक्यांमधली शांतता उणे ६० डेसिबलच्या खाली हवी. माझी उणे ५१ वर अडकली होती.

म्हणून एप्रिलच्या एका भर दुपारी तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. हवा होता नॉक्टुआचा एनएफ-पी१२ रिडक्स-१७००, १२० मिलिमीटरचा, चार पिनांचा, म्हणजे वेग हवा तसा बांधता येणारा. दुकानदारानं काउंटरवर रंगीबेरंगी दिव्यांचे पंखे मांडले. "ताई, हे बघा ना, त्याच पैशात तीन येतील, वर लायटिंग."

"मला लायटिंग ऐकू येत नाही हो, पंखा ऐकू येतो."

तो हसला आणि वरच्या फळीवरून करडे पंखे काढून दिले. दोघांचे मिळून तीन हजारांच्या थोडे वर गेले. दिसायला म्हणाल तर सरकारी कार्यालयातल्या कपाटाइतके आकर्षक. ही ऑस्ट्रियन कंपनी ज्या तपकिरी रंगासाठी ओळखली जाते, तोही नाही. रिडक्स ही त्यांची स्वस्तातली मालिका असल्यानं खोक्यात पंखा आणि चार स्क्रू एवढंच. कंपनं शोषणाऱ्या रबरी खुंट्या वेगळ्या घ्याव्या लागतात. वॉरंटी मात्र सहा वर्षांची.

घरी येऊन पहिला पंखा उलटा बसवला. पंख्याच्या ज्या बाजूला मोटार धरणाऱ्या काड्या दिसतात त्या बाजूनं वारा बाहेर पडतो, हे वाचलेलं होतं, पण हातात पंखा आल्यावर डोकं चालत नाही. शेवटी देवघरातली उदबत्ती आणली. धूर आत ओढला जायला हवा होता, तो माझ्या तोंडावर आला. उलटा करून पुन्हा बसवला.

आणि एवढं सगळं करून फरक किती? आवाज-सफाईचं काम चालू असताना प्रोसेसर, म्हणजे आय५-१२४००, आधी ८४ अंशांवर जायचा, तो ८१ वर आला. तीन हजारांत तीन अंश! त्या रात्री मी नॉक्टुआला मनात बरंच काही बोलले. ते आता परत घेते, कारण दोष पंख्यांचा नव्हताच.

माझ्या कॅबिनेटला पुढून अख्खी काच आहे. घेताना छान वाटली होती. काचेच्या दोन्ही कडांना बोटभर फट, आणि सगळी हवा तिथूनच ओढायची. नाक दाबून धरून पळायला सांगण्यातला प्रकार. काच काढून ठेवली, दुसरं काहीही न करता ८१ चे ७४ झाले. मग आत नीट बॅटरी मारून पाहिलं, तर प्रोसेसरवरच्या कुलरच्या (त्याला थंड ठेवणारा पंखा आणि धातूचा ठोकळा) चार खुंट्यांपैकी एक बसलेलीच नव्हती. ज्या दुकानात हे यंत्र जोडून घेतलं, त्यांनी दोन वर्षांपूर्वी तीन दाबल्या आणि चौथी देवावर सोडली. (नाव लिहीत नाही. फोन केला तर "मॅडम, असं होतंच नाही" म्हणाले. माझ्याकडे फोटो आहे.) कुलर काढला, दोघांमधली, उष्णता कुलरकडे नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली, चारही खुंट्या टक् आवाज येईपर्यंत दाबल्या. ६६.

आता पंख्यांना त्यांची किंमत वसूल करता आली. कारण उष्णता आटोक्यात आल्यावरच त्यांना हळू फिरवायची सोय होते, आणि सगळी गंमत हळू फिरण्यात आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की वारा निम्मा होतो, पण आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो. सारख्याच आवाजाचा दुसरा पंखा शेजारी लावला तर तीनच डेसिबल वाढतात. म्हणजे एक पंखा जिवाच्या आकांतानं पळवण्यापेक्षा दोन पंखे रमतगमत चालवा. वारा जवळपास तेवढाच आणि आवाज कितीतरी कमी. हा पंखा मिनिटाला १७०० फेऱ्यांपर्यंत जातो. कंपनी त्या वेगाला २५.१ डेसिबल सांगते. मी दोन्ही ८०० वर बांधून ठेवलेत. तिथे कान कॅबिनेटला लावल्याशिवाय ते फिरताहेत हे कळत नाही, आणि मोटारीची ती डासासारखी पिनपिन अजिबात नाही. माझ्या धंद्यात हीच पिनपिन सगळ्यात वाईट.

प्रोसेसरच्या पंख्याची चढउतार मात्र फुकटात गेली. स्क्रीनवर एखादी विंडो उघडली तरी प्रोसेसर क्षणभर दहा-पंधरा अंश उसळतो आणि पंखा लगेच घाबरून धावतो. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, पंख्याला वेग वाढवण्याआधी थांबायची वेळ देता येते. ती वाढवली, आणि ६० अंशांपर्यंत वेगाची रेघ सपाट ठेवली. रेकॉर्डिंगच्या वेळी आता तो जागचा हलत नाही. शांतता उणे ६२ वर आली.

दोन गोष्टी सांगून ठेवते. खोली तापली तर आतलं सगळं जवळपास तितकंच तापतं. पंखा म्हणजे एसी नव्हे. मेमध्ये दुपारी माझे ६६ चे ७० होतात. दुसरं, काच काढली की धूळ आलीच. मी खिडकीला लावतात ती नायलॉनची जाळी कापून वेल्क्रोनं पुढे चिकटवली आहे. आत ढकलणारे दोन आणि बाहेर फेकणारा एक असल्यामुळे हवा बरीचशी जाळीतूनच येते, फटीफटीतून नाही. पण दर पंधरा दिवसांनी ती नळाखाली धरावी लागते. एकदा विसरले, तर जाळीचं पोतेरं झालं होतं आणि चार अंश वर.

मागचा पंखा अजून कॅबिनेटबरोबर आलेलाच आहे, तीन पिनांचा, किंचित कण्हणारा. पुढच्या आठवड्यात तपकीर गल्लीत तिसरा करडा आणायला जाणार आहे, आणि या वेळी रबरी खुंट्याही.