एआय कुठल्या कामाला लावावं? भोसरीतल्या शॉपमधला काही महिन्यांचा अनुभव

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, सीएनसी-व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) जॉबवर्क म्हणजे दुसऱ्यांचे पार्ट करून द्यायचं काम, आणि पावसाळ्याआधीपासून ऑफिसच्या कामाला एआय वापरतोय. टूल कुठलं ते सांगत बसत नाही, आमच्यासारख्याला सगळी सारखीच. खरा प्रश्न कुठल्या कामाला लावायचं हा, आणि विकायला येणारे नेमकं तेच सांगत नाहीत.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो खरेदीच्या बिलांना. इन्सर्टवाला (टूलच्या कापणाऱ्या टिपा), कूलंटवाला, स्टीलवाला, प्रत्येकाचं बिल वेगळं, कोणी पीडीएफ पाठवतं कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर तिरका फोटो, ते सगळं अकाउंटच्या ताई टॅलीत हाताने चढवायच्या आणि १४ तारखेला जीएसटीचं २बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी) आलं की २० च्या आत ३बी रिटर्न भरायची म्हणून नुसती पळापळ. आता एआय बिलं वाचून एक्सेल काढून देतं, ताई नजर टाकतात आणि इम्पोर्ट करतात. चुकतं का, तर हो चुकतं, ८ चा बी करतं, पाचाचा एस करतं, पण जीएसटी नंबरच्या १५ जागा ठरलेल्या आहेत, पहिले दोन आकडे राज्याचे (आपलं २७), मग दहा अक्षरी पॅन, आणि शेवटचं अक्षर तर तपासणीसाठीच ठेवलंय, त्यामुळे एक्सेलचा फॉर्म्युला टाकला की चुकलेला नंबर लगेच लाल होतो. टॅक्सेबल अधिक टॅक्स, टोटल जुळते का, तेही तसंच. चूक सापडायला वेळच लागत नाही ना, सगळा खेळ तिथे आहे. तपासायलाच कामाएवढा वेळ जात असेल तर कशाला पाहिजे एआय?

कोटेशनचं बरोबर उलटं. ड्रॉइंग वाचतं बरं, २५ एच७ बोअर म्हणजे २५ मिलिमीटरच्या भोकाला प्लस २१ मायक्रॉनपर्यंत सूट हेही सांगतं, पण रेट विचारला की बिनधास्त सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) ठोकून देतं. कुठलं मशीन रिकामं आहे, कोणाचं कास्टिंग कडक येतं हे रेट काढणाऱ्या आमच्या अण्णांच्या डोक्यात, लिहिलेलं कुठेच नाही, त्याला कुठून कळणार. आणि रेट चुकला हे कळतं पीओ (खरेदीची ऑर्डर) आल्यावर. म्हणून त्याच्याकडून फक्त डायमेन्शनची यादी काढून घेतो. एनडीएवाली (गुप्ततेचा करार असलेली) ड्रॉइंग तर टाकतच नाही.

पेमेंटच्या तगाद्यासाठी ‘एआय एजंट’ म्हणून एक जण डेमो देऊन गेला. अहो, कोणाचे किती दिवस झाले ते टॅलीतच दिसतं, त्याला एआय कशाला? आमच्यासारख्या छोट्या युनिटचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असा कायदाही आहे, पण पैसे सुटतात ते अण्णांच्या "काय साहेब, विसरलात का आम्हाला" या फोननेच.

हाताने लिहिलेली जॉबवर्कची चलानं, त्यात कार्बन कॉपी, ती मात्र अजून ताईच चढवतात.

प्लॅन महिन्याचाच ठेवलाय. मार्चएंडच्या गर्दीत कसं चालतं ते बघू, मग वर्षाचं ठरवू.