‘प्रतिकारशक्ती वाढवणारा’ आहारसंच

माझ्या धाकट्या भावाला आमच्या आईने आपले एक मूत्रपिंड दिले. आम्ही मालवणजवळच्या एका गावात राहतो आणि तपासणीसाठी घाट चढून कोल्हापूरला जातो. प्रत्यारोपणानंतर आठव्या महिन्यात आमची जी फसवणूक झाली, ती दुसऱ्या कोणाच्या घरी होऊ नये, म्हणून हे लिहीत आहे.

स्वतःला आहारतज्ज्ञ म्हणवणाऱ्या एका गृहस्थाचा क्रमांक नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून आमच्याकडे आला. त्याने भावाचे रिपोर्ट मागवून घेतले, आईची आपुलकीने विचारपूस केली आणि मगच आपला ‘किडनी आहारसंच’ पुढे केला. पहिल्या महिन्याचे ४,५०० रुपये, पुढच्या ‘संपूर्ण कोर्स’चे १८,००० रुपये आणि गुण न आल्यास पैसे परत, असे ठरले. पैसे भलत्याच नावाच्या खात्यात यूपीआयने पाठवायला सांगितले, तेव्हाच मी थांबायला हवे होते. डब्यावरचा एफएसएसएआयचा (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक दाखवून तो संचातल्या पुडीला ‘सरकारमान्य औषध’ म्हणत असे. तो परवाना खाद्यपदार्थांच्या व्यवसायाचा असतो, त्याने कोणतीही पूड औषध ठरत नाही, हे मला फार उशिरा कळले.

पुडीत गुळवेल आणि अश्वगंधा असल्याचे लिहिले होते. बाकीचे घटक ‘इतर वनौषधी’ या दोन शब्दांत गुंडाळलेले होते. ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ हे वाचून आम्हाला बरेच वाटले, आणि आमची चूक नेमकी तिथेच झाली. मूत्रपिंड सख्ख्या आईचे असले तरी शरीर त्याला परकेच मानते. ते नाकारले जाऊ नये, म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन या गोळ्या देऊन प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली असते. तीच वाढवण्यासाठी आम्ही पैसे मोजत होतो.

संचात ‘किडनीसाठी सुरक्षित’ मीठही होते. ते कमी सोडियमचे होते खरे, पण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड होते. टॅक्रोलिमसमुळे रक्तातले पोटॅशियम आधीच वाढू शकते. त्यात या गृहस्थाने रोज एक शहाळेही सांगितले, आणि शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. मासे मात्र पूर्ण बंद करायला लावले आणि प्रथिनांची वेगळी पावडर विकली. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी याच्या उलट सांगितले होते: ताजा, नीट शिजवलेला बांगडा खुशाल खावा, सुके खारवलेले मासे टाळावेत, कालवे कच्ची किंवा अर्धवट शिजलेली कधीही खाऊ नयेत आणि पपनस वर्ज्य करावे, कारण त्याने रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी वाढते. त्यांचा सल्ला फुकट होता, म्हणून आम्हाला तो साधा वाटला, याची मला आजही खंत वाटते.

सहा आठवड्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम बिघडले की रक्तात वाढणारा घटक) १.२ वरून २.१ वर गेले आणि पोटॅशियम ६ च्या पुढे, म्हणजे धोक्याच्या पातळीवर. बायोप्सीत मूत्रपिंड नाकारले जाऊ लागल्याची लक्षणे दिसली आणि तीन दिवस स्टेरॉइडची इंजेक्शने द्यावी लागली. आता क्रिएटिनिन १.५ वर स्थिरावले आहे. पहिला आकडा परत आला नाही. यात पुडीचा वाटा किती, हे घटकच माहीत नसल्याने सांगता येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. पैसे मागताच त्या गृहस्थाने आमचा क्रमांक ब्लॉक केला. आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि उरलेला डबा घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडेही तक्रार केली.

अशी पूड कोणी घेत असेल, तर ती आजच थांबवावी. मात्र प्रत्यारोपणाच्या गोळ्या आपल्या मनाने कमी-जास्त करू नयेत. डबा सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे, त्यांच्यापासून काहीही लपवू नये, आणि क्रिएटिनिन, पोटॅशियम व टॅक्रोलिमसची पातळी तपासून घ्यावी. टॅक्रोलिमसच्या पातळीसाठीचे रक्त त्याची सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचे असते.