घरची परिवीक्षा की विशेष गृह?

घरातली मारहाण पाहत वाढलेल्या मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर त्याच्यासाठी परिवीक्षा (चांगल्या वर्तनाच्या हमीवर देखरेखीखाली घरी राहणे) मागावी की विशेष गृह (अशा मुलांना ठेवण्याची सुधारसंस्था) पत्करावे, असे इंदूरच्या राजेंद्रनगरातील एका काकांनी पुतण्याबाबत विचारले. निर्णय अर्थात किशोर न्याय मंडळाचा. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार तयार होणाऱ्या सामाजिक तपासणी अहवालासाठी घरची स्थिती खरीखुरी सांगणे कुटुंबाच्याच हाती असते, आणि अब्रूपायी नेमके तेच झाकले जाते.

मुदतीत फरक नाही. दोन्हींची कमाल मर्यादा तीन वर्षे. खर्चाचा भार विशेष गृहात शासनावर असतो. घरी राहिल्यास इंदूरच्या एम. वाय. रुग्णालयासारख्या सरकारी ठिकाणी उपचार स्वस्त पडतात, मात्र सोबत जाणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते.

खरा निकष सुरक्षिततेचा आहे. सतत धास्तीत वाढलेले मूल साध्या आवाजानेही दचकते, झोपत नाही, चटकन हात उगारते. मारणारा शेजारच्या खोलीत असेल, तर समुपदेशनाचा फारसा उपयोग होत नाही. विशेष गृहात ती मारहाण थांबते आणि समुपदेशन व मानसोपचार कायद्याने अपेक्षित असतात. परंतु कुलूपबंद दारे आणि थोराड मुलांची दहशत जुनी भीती पुन्हा जागी करू शकतात. शाळा आणि ओळखीची माणसे टिकतात ती परिवीक्षेतच.

म्हणून घर निर्धोक असेल, तर परिवीक्षा बरी. मारणारा घरातच असेल, तर कायदा परिवीक्षेत ‘योग्य व्यक्ती’च्या, म्हणजे मुलाची जबाबदारी घेण्यास योग्य ठरलेल्या दुसऱ्या कुणाच्या, देखरेखीचीही मुभा देतो, तेव्हा काकांनी स्वतःचे नाव मंडळापुढे मांडावे. असा आधार कुठेच नसेल किंवा मुलापासून इतरांना धोका असेल, तर विशेष गृह.